जोगळे सर आणि मुरणीतला खडा

चाकणच्या आमच्या शाळेच्या खिडक्यांना काचा होत्या, त्या जोगळे सरांनी बसवलेल्या. सुट्टीच्या दिवशी ते रिकाम्या वर्गात जमिनीवर बसत, पुढ्यात तावदान आडवं ठेवत, त्यावर लाकडी पट्टी धरत आणि कोटाच्या आतल्या खिशातून पितळी दांड्याची एक कलम काढत. कलमेच्या टोकाला मोहरीपेक्षा जरासा मोठा हिरा बसवलेला होता. त्याला ते हिरकणी म्हणत. हिरकणी काचेवरून एकदाच, न थांबता ओढायची. बारीक चर्र असा आवाज येई. मग काच दोन्ही हातांत घेऊन ते अंगठ्यांनी हलकेच दाबत आणि ती रेघेवर सरळ दुभंगे.

"दुसऱ्यांदा ओढायची नाही," ते सांगत. "दुसरी रेघ काचेला खपत नाही."

सर मूळचे रत्नागिरीकडचे. पंधराव्या वर्षी तळेगावच्या काच कारखान्यात कामाला लागले आणि आठ वर्षं काच कापत राहिले. तिथूनच बाहेरून परीक्षा देत देत बी.एस्सी. झाले. कारखाना सोडताना जुन्या मिस्त्रीने आपली हिरकणी त्यांना दिली होती. चाकणात आणि आसपासच्या गावांत फोटोची काच फुटली, देवळातल्या तसबिरीची काच बदलायची झाली, की माणूस सरांकडे येई. सर सायकलवर टांग टाकून जात, काच कापून देत आणि चहा घेऊन परत येत. त्यामुळे ती हिरकणी दहा गावांनी पाहिलेली होती.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. इंदापूरकडच्या एका सुताराच्या घरातला मी पहिला पदवीधर. अंगावरचा कोट मागून आणलेला होता. शिक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझं गाव, जात, वडील काय करतात हे विचारून घेतलं. जोगळे सरांनी वेगळंच विचारलं.

"मराठी शिकवणार? मग एक विनंती आहे, कदम. हिऱ्याची उपमा आली की पोरांना आधी माझ्याकडे पाठवा. तुम्ही कवीमंडळी हिऱ्याला कोळशाचा मुलगा करून टाकता."

"नाही का तो?" मी विचारलं.

"चुलत नातं आहे," ते म्हणाले. "एकाच कार्बनचे दोघे. पण कोळसा झाडांचा, आपल्या पायाखालचा. हिरा त्याच्या किती आधीचा आणि किती खालचा. शंभर मैल खाली, जिथे कुणी गेलं नाही."

त्यांचा हिऱ्याचा धडा मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून तीनदा ऐकला. दर वर्षी ते तो नव्याने सांगत. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात हिरकणी. "दोन्ही हातांत एकच वस्तू आहे," असं म्हणून सुरुवात. मग सांगत, पृथ्वीच्या पोटात इतकी उष्णता की लोखंडाचं पाणी व्हावं, आणि दाब असा की आपला सिंहगड उलटा करून बोटाच्या पेरावर उभा केला तरी कमी पडेल. त्या दाबात कार्बनचे कण एकमेकांना चहूबाजूंनी घट्ट धरतात. पेन्सिलीतले कण थरांनी राहतात, थर थरावरून घसरतो, म्हणून कागदावर अक्षर उमटतं. हिऱ्यात कुणी कुणाला घसरू देत नाही. मग केव्हातरी खोलातला ज्वालामुखी फुटतो आणि वितळलेल्या दगडाबरोबर हिरा वर फेकला जातो.

"तोही भरभर यावा लागतो," ते म्हणत. "वाटेत गरम जागी रेंगाळला तर त्याची पेन्सिल होते."

एकदा एका मुलाने विचारलं, "सर, आपला डोंगर बी ज्वालामुखीचाच ना? मग आपल्याकडं हिरं का न्हाईत?"

सरांना असा प्रश्न आला की ते खुर्चीवरून उठून त्या मुलाच्या बाकाशी जात. "आपला लाव्हा वरवरचा होता," ते म्हणाले. "पसरला खूप, खोलातून आला नाही. माणसांतही अशी असतात." आणि मग हसून, "तू त्यातला नाहीस."

या उत्तराने मुलं खट्टू झाली नाहीत, उलट कामाला लागली. दर सोमवारी कुणीतरी खाणीवरून, शेताच्या बांधावरून चकाकता दगड घेऊन यायचा. सर तो उजेडात धरून गंभीरपणे बघायचे, काचेच्या तुकड्यावर घासायचे आणि सांगायचे, "गार आहे. गारेनेही काचेवर ओरखडा उठतो, तेवढ्यावर जाऊ नका. हिरा तो, जो गारेलाही ओरखडतो." गारगोट्यांचा त्यांच्या टेबलावर ढीग झाला होता. एकही त्यांनी फेकली नाही. आणलेल्या मुलाचं नाव कागदावर लिहून ते खाली चिकटवीत.

हिरा का चमकतो, हा धड्याचा शेवटचा भाग. खोलीची दारं-खिडक्या लावून एका फटीतून ऊन आत घेत आणि पाण्याच्या भांड्यात आरसा तिरपा ठेवून भिंतीवर रंग पाडत. उजेड हिऱ्यात शिरला की त्याची चाल मंदावते, तो वळतो, मागच्या पैलूंवर आपटतो, तिथून बाहेर पडता येत नाही म्हणून उलटा फिरतो आणि पुढून बाहेर येतो, येताना रंगांत फुटून येतो. "हिऱ्याजवळ स्वतःचा उजेड नाही. घेतलेला उजेड तो गिळत नाही, परत करतो." आणि शेवटी घरगुती उपयोगाचं एक वाक्य: "हिऱ्याला तेल फार लवकर चिकटतं. मळलेला हिरा मागून उजेड गळू देतो, मग निस्तेज दिसतो. घाबरायचं नाही. रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, मऊ कुंच्याने पुसायचा."

पुढचं सगळं या वाक्यातून झालं.

इंदू ही बाजारातल्या मापाड्याची मुलगी. धान्य, कांदा मापून तिचा बाप घर चालवी. शाळेत तेव्हा एकंदर नऊ मुली. त्यांतली ही सरांच्या विषयात पहिली येणारी. ती मॅट्रिक व्हावी म्हणून सर मापाड्याच्या घरी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला तिच्या आईने त्यांना लाडू दिला आणि लग्नाची तारीख सांगितली. भामा नदीकाठच्या एका गावच्या पाटलांच्या घरी तिला दिली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथे अजून त्यांची माणसं आहेत. घर मोठं, माणसं मानाची. पाटलांच्या पणज्याला कुण्या सरदाराकडून मिळालेला एक हिरा त्या घरात होता, तुरीच्या डाळीएवढा, चपटा. तो नाकातल्या मुरणीत बसवलेला. पाटलीणबाईंनी तो काढून इंदूच्या नाकात घातला, तेव्हा सबंध गाव बघायला आलं होतं, असं म्हणतात.

दिवाळीनंतर पंधरवड्याने मधल्या सुट्टीत मापाडी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. धोतराला धान्याचा भुसा तसाच. तो आत येईना, तेव्हा सर बाहेर गेले.

"पोरीवर आळ आलाय, सर," तो म्हणाला. "म्हणत्यात, माहेरी आली तवा हिरा बदलला. काच बसवून आणली."

रविवारी सरांनी मलाही बरोबर घेतलं. "मराठीचा माणूस हवा," ते वाटेत म्हणाले, "मला भांडता येत नाही."

पाटलांच्या ओट्यावर घोंगडी अंथरली होती. पाटील साठीचे, ताठ, कमी बोलणारे. इंदूचा नवरा सदाशिव खांबाला टेकून उभा. धाकटा दीर बबन आमच्याच शाळेत नववीत होता, तो सरांना बघून उठून उभा राहिला. पाटलीणबाईंनी पितळी वाटीतून मुरणी आणून सरांपुढे ठेवली.

"माझ्या सासूच्या नाकात व्हती तवा गोठ्यातनं चमक दिसायची," त्या म्हणाल्या. "आता बघा. मेल्या माशाचा डोळा."

खरोखरच तो खडा काळपट, मेलेला दिसत होता. सर तो उजेडात फिरवून बघत राहिले.

आतल्या दारातून इंदू म्हणाली, "सर, मी नुसती धुतली. सासरी जाताना चकाकावी म्हणून माहेरी रिठ्यात भिजवली. तुमी सांगितलं व्हतं तसंच. दोन दिवस."

"तशीच?"

"तशीच. कुंच्यानं पुसली."

सरांनी काच मागितली. एक फुटका कंदील आणला गेला. मुरणीतल्या खड्याची कड त्यांनी काचेवर ओढली, चर्र झालं, रेघ उठली.

"काच काचेला अशी कापत नाही," सर म्हणाले. "हा हिरा आहे, पाटील."

तेवढ्यात बबन म्हणाला, "पर सर, गार बी काचेला ओरखडती. तुमीच सांगितलंय."

ओट्यावर दोघं-तिघं हसले. पाटील म्हणाले, "पोरगं हुशार केलंय तुमी, मास्तर."

मग गारगोटी आणवली. पण खडा कोंदणात खोल बसलेला, त्याची कड गारेला नीट लागेना. पुसट रेघ उठली. ती गार हातोहात फिरली. एकाला रेघ दिसली, दोघांना दिसली नाही, एक म्हातारा म्हणाला, ही आधीचीच.

"हे कशाला येवढं," पाटील म्हणाले. "लोहाराचा भाता चालू हाय. ऐरणीवर ठिवू. खरा असंल तर घणाला दाद देणार न्हाई, खोटा असंल तर पीठ व्हईल. कीर्तनात ल्हानपणापासनं ऐकतोय आमी."

"फुटेल," सर म्हणाले. "खरा असला तरी फुटेल."

"तुमीच पोरांना सांगता, जगात सगळ्यात कठीण वस्तू."

"कठीण म्हणजे ज्याच्यावर ओरखडा उठत नाही. न फुटणारी नव्हे. लाकडाचं बघा. आडवं तोडायला कुऱ्हाड बोथट होते, उभं एका घावात चिरतं. हिऱ्यालाही तशा चिरायच्या दिशा असतात. घण त्या दिशेला बसला की संपलं."

"म्हंजी खरा बी फुटणार आन खोटा बी फुटणार."

"हो."

"मग मास्तर," पाटील शांतपणे म्हणाले, "तुमचा हिरा आन काच, यात फरक काय ऱ्हायला?"

यावर ओट्यावरचं कुणीही हसलं नाही. माझी मराठीही त्या वेळी उपयोगी पडली नाही.

शेवटी सरांनी मुदत मागितली. पुण्याला जाऊन जवाहिऱ्याला विचारतो, जमल्यास त्यालाच घेऊन येतो. खडा बरोबर द्यायला पाटील तयार नव्हते, ते समजण्यासारखं होतं. पण पुढच्या रविवारपर्यंत, ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबतो, असा त्यांनी शब्द दिला.

"त्याच्या म्होरं न्हाई," ते म्हणाले. "गावात रोज पोरीचं नाव निघतंय. आमचं बी."

शनिवारी शाळा सुटल्यावर सर सायकलवर तळेगावला आणि तिथून गाडीने पुण्याला गेले. रविवारी मी चाकणच्या फाट्यावर सकाळपासून उभा होतो. ऊन डोक्यावर आलं, कललं. दोन वाजून गेल्यावर सर दिसले, घामाने भिजलेले. पण चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"कळलं, कदम," ते सायकलवरून न उतरताच म्हणाले. "जुने खडे चपटे असतात, त्यांना मागे पैलूच नसतात. उजेड परत फिरवायला काही नाहीच. म्हणून सोनार खड्याखाली चांदीचा पातळ पत्रा बसवतात, त्याला डाक म्हणतात. चमक असते ती त्या डाकेची. कोंदण मागून बंद. त्यात पाणी शिरलं की डाक काळी पडते आणि वरचा हिरा मेल्यासारखा दिसतो. तिथले म्हातारे जवाहिरे म्हणाले, असे हिरे कधी धुवायचे नसतात, सगळ्या जुन्या घरांना माहीत असतं."

हे सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला. मापाड्याच्या घरात हिरा कधी नव्हता. तिथल्या मुलीला हे कुणी सांगणार होतं?

"म्हणजे माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. आणि लगेच, "चला, आधी जाऊन डाक काढून दाखवू."

वाटेत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे पुष्कळदा सांगत. जवाहिऱ्याचं मुख्य बोलणं अर्ध्या तासात झालं होतं. पण सरांनी त्याला विचारलं, पत्रा किती पातळ, रंगीत खड्याखाली कसला लावतात, पैलू पाडायची रीत आपल्याकडे केव्हा आली. म्हातारा खुलला, पेटीतून एकेक नमुना काढू लागला. "परतीची एक गाडी मी ऐकण्यात घालवली," सर म्हणाले. "माहीत असून घालवली."

आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. बबन बाहेर आला आणि म्हणाला, "सर, लोहाराकडं नेला. ऊन कललं तरी आबा थांबले व्हते घटकाभर."

एका घावात झालं होतं. इंदूला तिच्या बापाबरोबर पायी चाकणला पाठवून दिलं होतं. आम्ही पक्क्या सडकेने आलो, ती दोघं शेतातल्या वाटेने गेली असणार, म्हणून वाटेत दिसली नाहीत.

पाटलांनी कागदाची पुडी सरांपुढे टाकली. "घ्या तुमची काच."

पुडीत पांढरा चुरा होता, आणि तीन-चार कपच्या. एका कपचीला मागून काळा पत्रा अजून चिकटलेला, तो दाखवून सरांनी डाकेचं सगळं सांगितलं. सरांनी मेण मागितलं, दुसरी कपची मेणाच्या गोळीत खोचली, तीच मागची गारगोटी आणवली आणि ओढली. या वेळी रेघ अशी उठली की नखाला लागत होती.

बबन वाकून बघत होता. "आबा," तो म्हणाला, "गारेला कापलंय."

पाटलांनी गार हातात घेतली, रेघेवरून अंगठा फिरवला. मग बबनला आत पाठवलं.

"समजलं मला, मास्तर. पर गावाला काय सांगू? पणज्याची चीज आमीच ऐरणीवर ठिवून पीठ केली, आन पोरगी बिनदोषी व्हती? दोन्ही एकाच तोंडानं सांगू?"

"दोन्ही खरं आहे," सर म्हणाले.

"व्हय. म्हणून तर सांगवत न्हाई."

पाटील वाईट माणूस नव्हते. मला हे मुद्दाम लिहायचं आहे. पण चोर सून ही एका घराची बदनामी होती आणि मूर्ख पाटील ही वेगळ्या तऱ्हेची. पहिली त्यांना सोसण्यासारखी वाटली, कारण ती इंदू सोसणार होती.

त्यानंतरचे तीन महिने मी सरांना जवळून पाहिलं. ते वर्गावर वेळेवर जात, शिकवत, वह्या तपासत. पण कुणी दगड घेऊन आला तर "ठेव तिथे" म्हणत. उरलेल्या मुलींपैकी तिघींची नावं शाळेतून काढली गेली. कुणी कारण दिलं नाही. इंदूच्या आईने मात्र दिलं. भर बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी, तिने सरांना अडवून विचारलं, "शिकवताय कशाला हो अर्धंमुर्धं? न शिकलेली पोर हिऱ्याला हात लावायला भ्याली असती. माझी शिकलेली व्हती, म्हणून तिनं धुतला."

सर टोपी हातात घेऊन उभे राहिले. घरी येताना ते मला म्हणाले, "कदम, बाई बरोबर बोलली. मी पुस्तकातला हिरा शिकवला. पुण्या-मुंबईच्या दुकानातला. लोकांच्या घरात कसला हिरा असतो, हे मी कधी विचारलंच नाही. आणि कठीण म्हणजे काय, तेही अर्धंच सांगितलं. फुटतो हे माझ्या धड्यात नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. सांगायला बरं वाटत नव्हतं. चांगला धडा बिघडला असता."

हे वाक्य मी माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत विसरलो नाही.

महाशिवरात्रीला पाटलांच्या गावात देवळापुढे माणसं जमतात. त्या दिवशी सर तिथे गेले. मी होतो. त्यांनी लोहाराला ऐरण पारापाशी आणायला सांगितली होती. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सरांनी खिशातून कलम काढली आणि वर धरली.

"ही ओळखता?"

"वळखतो की," देवळाचा गुरव म्हणाला. "देवाच्या तसबिरीची काच हिनंच कापली."

"आमच्या म्हाताऱ्याच्या फोटूची बी," दुसरा म्हणाला.

"हिरा आहे की काच?"

"हिराच. काच कशी काचंला कापंल?"

"गार असेल."

"गार न्हाई, मास्तर. येवढी वर्सं कापतीया, झिजली न्हाई."

सरांनी पक्कडीने पितळी टोक उघडलं, बारीकसा खडा तळहातावर घेतला आणि ऐरणीवर ठेवला. लोहाराने घण उचलला नाही. "मास्तर, तुमच्या पोटापाण्याची चीज हाय ती," तो म्हणाला.

"नाही, पोटापाण्याची नाही. मार."

पाटील पाराच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. लोहाराने त्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग घण पडला. घण उचलल्यावर ऐरणीवर चिमूटभर पांढरं पीठ होतं. सगळे पुढे सरकून बघत राहिले. गुरवाने त्याला बोट लावून बोट पंच्याला पुसलं.

"खरा बी फुटतो," तो म्हणाला. तो कुणाला उद्देशून बोलला नव्हता, पण सगळ्यांच्या माना पाटलांकडे वळल्या. पाटील उठले, वहाणा घातल्या आणि घराकडे चालू लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

परतताना मी म्हणालो, "सर, झालं तुमचं काम." ते म्हणाले, "माझं कसलं काम, कदम. तिचं झालं का ते बघायचं."

आठवड्याने सदाशिव बैलगाडी घेऊन मापाड्याच्या दारात आला. इंदूच्या आईने मुलाला धाडून सरांना बोलावून घेतलं, आणि सरांबरोबर मी. सदाशिव ओसरीवर पाणी पिऊन बसला होता.

"आबा म्हणत्यात, झालं ते झालं," तो म्हणाला. "चल घरी."

"आबा आले न्हाईत?" इंदूने विचारलं.

"ते कसं येतील."

"गावात काही बोलले?"

सदाशिवने रिकामा तांब्या बाजूला सरकवला. इंदू सरांकडे वळली. तिची गाठोडी बांधलेली होती, पण ती हातात घेतलेली नव्हती.

"सर, जाऊ का?"

शाळेत कुणी प्रश्न विचारला की पुढे सरसावणारा हा माणूस जागचा हलला नाही. "मला माहीत नाही, इंदू," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

तिची आई काहीतरी बोलणार होती, पण मापाड्याने हाताने तिला थांबवलं. इंदू ओसरीच्या कडेपर्यंत आली. मग सदाशिवला म्हणाली, "कुठल्या वाटंनं आणलीसा गाडी?"

"मळ्यातनं."

"जाताना वेशीतनं न्या. पारावरनं. ह्या उन्हातच."

"आबांनी मळ्यातनं आण म्हणून सांगितलंय."

"मग तुमी मळ्यातनं जावा. मी वेशीतनं चालत येते."

सदाशिवने बैलांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "बस गाडीत," तो म्हणाला. "वेशीतनं नेतो."

मी त्या जूनमध्ये दुसऱ्या गावी नोकरीला गेलो. इंदू त्या घरात कशी राहिली, पाटील तिच्याशी कधी काय बोलले, ते मला कळलं नाही, आणि सरांनी पत्रांतून लिहिलं नाही. पुढे सरांना दोन-तीनदा भेटलो. पण ते आठवतात ते त्या दुपारचे.

आम्ही दोघे सायकलींवर गाडीच्या मागून त्यांच्या गावापर्यंत गेलो. वेशीपाशी सर उतरले, सायकल माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "तुम्ही थांबा." गाडी आत शिरली. इंदू पदर मागे घेऊन, मान वर करून बसली होती. मुरणीवाचूनचं तिचं नाक कुणालाही दिसेल असं. पारावर पाच-सहा माणसं होती, ती बोलायची थांबली. गाडीच्या चार पावलं मागे जोगळे सर चालत होते, चाकांची धूळ अंगावर घेत. त्यांनी पाराकडे पाहिलं नाही. पारावरून कुणी त्यांना रामराम घातला नाही, आणि कुणी गाडी अडवलीही नाही. वळणावर पाटलांच्या घराचं दार दिसत होतं. ते उघडं होतं की लोटलेलं, हे मला वेशीतून दिसेना. दोन सायकली धरून मी उभा होतो. गाडी वळली, मग सरही वळले.